सेरेंगेटीचें रान कोणीं राखिलें?

‘सफारी’ हा शब्द आतां आमच्या मुलांच्या तोंडीं इतका बसला आहे कीं, तो कोठून आला हें विचारण्याची कोणास गरजच वाटत नाहीं. तो आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील स्वाहिली भाषेंतला. तेथें तो अरबी व्यापाऱ्यांबरोबर गेला. आणि त्याच अरबी शब्दाचें दुसरें रूप फारसीच्या वाटेनें आमच्या मराठींत ‘सफर’ म्हणून येऊन राहिलें. मोंबासाची सफारी आणि आमच्या दर्यावर्द्यांची सफर या एका आईच्या लेकी आहेत. पूर्वीं दोहोंचाही अर्थ नुसता प्रवास असा होता. आतां मात्र सफारी म्हणजे उघड्या टपाच्या मोटारींत उभें राहून सिंह पाहणें, एवढाच अर्थ उरला आहे. मुंबई-पुण्याच्या प्रवासी कंपन्या सुटीच्या दिवसांत कुटुंबेंच्या कुटुंबें केनिया व टांझानिया या देशांत नेऊन आणितात. ज्यांस तें साधत नाहीं तीं मुलें तेंच रान घरबसल्या पडद्यावर पाहतात. या दोन्ही प्रकारच्या मुलांकरितां, आणि त्याहून अधिक त्यांच्या पालकांकरितां, आम्ही हे चार शब्द लिहीत आहों.

आमचें म्हणणें असें कीं, त्या रानास ‘मनुष्याचा हात न लागलेलें निसर्गाचें राज्य’ म्हणण्याची जी रीत पडली आहे ती सोडून द्यावी. हे शब्द जाहिरातींत असतात, चित्रपटांत असतात, आणि परत आलेल्या प्रवाशांच्या बोलण्यांतही असतात. हे शब्द खरे नाहींत. ते केवळ अलंकारिक असते तर आम्ही लेखणी उचलली नसती; परंतु या शब्दांच्या आधारानें, जे लोक त्या रानांत पिढ्यान् पिढ्या गुरें चारीत होते त्यांचीं घरें गेलीं आहेत, आणि हें प्रकरण अद्याप मिटलेलें नाहीं.

प्रथम त्या भूमीचें थोडें वर्णन केलें पाहिजे. सेरेंगेटी हें राष्ट्रीय उद्यान टांझानियाच्या उत्तरेस, केनियाच्या सरहद्दीस लागून आहे. त्याचें क्षेत्रफळ १४,७६३ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ आपला सोलापूर जिल्हा. मासाई लोकांच्या भाषेंत ‘जेथें जमीन संपतच नाहीं तें ठिकाण’ असा या नांवाचा भाव सांगतात. त्याच्या आग्नेय भागांत वीतभरही उंच न वाढणारें गवत आहे. तेथील जमीन शेजारच्या ज्वालामुखींच्या राखेची बनलेली असून तिच्यामुळें त्या गवतांत चुना व फॉस्फरस हीं द्रव्यें विपुल उतरतात. दूध देणाऱ्या जनावरास नेमकीं हींच लागतात. म्हणून नू अथवा विल्डबीस्ट नांवाचें हरिण आपल्या विणीच्या दिवसांत या आंखूड गवतावर येऊन राहतें. हें हरिण दिसावयास मोठें विचित्र आहे. तोंड गाईसारखें, आयाळ व शेपूट घोड्यासारखें, आणि हनुवटीखालीं म्हाताऱ्याची दाढी! परंतु हा प्राणी हास्यास्पद समजूं नये. सेरेंगेटीचा खरा धनी तो आहे. तेरा लाखांच्या आसपास असे हे नू, त्यांच्यासवें झेब्रे व गॅझेल हरिणें, पाऊस जिकडे पडेल तिकडे वर्षभर फिरत असतात. फेब्रुवारीच्या सुमारास दोन-तीन आठवड्यांच्या अवधींत लाखों वासरें जन्मतात, आणि वासरूं जन्मल्यापासून कांहीं मिनिटांतच पायांवर उभें राहून आईमागें धांवूं लागतें. उन्हाळी गवत सुकलें कीं हा लोंढा पश्चिमेस व मग उत्तरेस वळतो. जुलैपासून पुढें मारा नदी उतरून केनियांत जातो, आणि पाऊस सुरू होतांच परततो. सरहद्दीवर त्यास कोणी परवाना विचारीत नाहीं. हें दृश्य पाहण्यासाठींच जगांतून लोक येतात, आणि यावें असेंच तें आहे.

आतां प्रश्न असा कीं, हे तेरा लाख नू कोठून आले? पुष्कळांची समजूत अशी कीं ते तेथें अनादि कालापासून इतकेच आहेत आणि मनुष्यानें फक्त दूर राहिलें म्हणून ते टिकले. प्रत्यक्ष हकीकत निराळी आहे, आणि ती सांगतांना आम्हांस आमच्या खेड्यांतील एका जुन्या शब्दाचा आधार घ्यावा लागतो. तो शब्द म्हणजे बुळकांडी.

आमच्या वाचकांच्या आज्यांस व पणज्यांस हा शब्द समजावून सांगावा लागला नसता. गुरास ताप भरावयाचा, तोंडांत व्रण पडावयाचे, मग हगवण लागून कांहीं दिवसांत गोठा ओस पडावयाचा. १८८९ सालीं सरकारनें पुण्यास जी जंतुशास्त्राची प्रयोगशाळा काढिली ती गुरांच्या अशाच रोगांचा अभ्यास करण्यासाठीं. चार वर्षांनीं ती हिमालयांत मुक्तेश्वर येथें हालविण्यांत आली. हीच बुळकांडी १८८७ च्या सुमारास आफ्रिकेंत शिरली. लाल समुद्रावरील मसावा बंदरांत इटलीच्या सैन्यासाठीं जीं गुरें उतरविण्यांत आलीं त्यांच्याबरोबर ती आली, आणि तीं गुरें हिंदुस्थानांतून नेलेलीं होतीं असें पुष्कळ इतिहासकार लिहितात. त्या खंडांतील गुरांनीं हा रोग पूर्वीं सोसलेला नव्हता. दहा वर्षांच्या आंत तो उत्तरेकडून थेट दक्षिणेच्या केप प्रांतापर्यंत पोंचला. वाटेंत मासाई लोकांचीं बहुतेक सर्व गुरें मेलीं. दहांतलीं नऊ गेलीं असा अंदाज दिला जातो. मासाई हा गुरांवर जगणारा समाज. वशिंड असलेलीं त्यांचीं गुरें पाहिलीं तर आपल्याकडील गाईंच्याच कुळांतलीं वाटतात. दूध गेलें तेव्हां माणसें गेलीं. त्यांतच देवीची सांथ आली. ऑस्कर बाउमान नांवाचा ऑस्ट्रियन प्रवासी १८९२ सालीं या मुलुखांतून गेला, त्यानें भुकेनें सांपळे झालेल्या मासाई स्त्रीपुरुषांचें वर्णन करून ठेविलें आहे. रानरेडे आणि नू हेही त्याच रोगानें हजारोंनीं मेले.

यानंतर जे युरोपीय शिकारी व अधिकारी तेथें आले त्यांनीं हा प्रदेश विरळ वस्तीचा पाहिला आणि तो मुळापासूनच निर्मनुष्य असावा असा ग्रह करून घेतला. सांथींत अर्धा गांव मेल्यावर येणाऱ्या पाहुण्यानें ‘या गांवांत कोणी राहतच नाहीं’ असें टिपून न्यावें, त्यांतलाच हा प्रकार झाला.

बुळकांडी पुढें साठ वर्षें त्या रानांत ठाण मांडून होती. दर वर्षीं नूंचीं लहान वासरें तिला बळी पडत. १९५० नंतरच्या दशकांत सेरेंगेटीच्या भोंवतालच्या गुरांस लस टोचण्याची मोहीम झाली. येथें आमच्या विद्यार्थ्यांनीं थांबून विचार करण्यासारखी गोष्ट आहे: रानांतील एकाही नूला कोणीं सुई टोचली नाहीं. लस मिळाली ती गोठ्यांतल्या गाईला. परंतु रोगाचा मूळ सांठा गुरांतच असल्यामुळें गाई सुरक्षित होतांच रानांतील जनावरांतूनही १९६०-७० या दशकाच्या आरंभीं तो आपोआप नाहींसा झाला. १९६१ च्या सुमारास जे नू अडीच लाखांच्या जवळपास होते ते १९७७ पर्यंत तेरा लाखांवर गेले. नैरोबीनजीक मुगुगा येथें वॉल्टर प्लोराइट या पशुवैद्यानें पुढें अधिक स्वस्त व खात्रीची लस सिद्ध केली; तिच्या बळावर २०११ सालीं सारें जग या रोगापासून मुक्त झाल्याचें जाहीर करण्यांत आलें. देवीनंतर मनुष्यानें पृथ्वीवरून नाहींसा केलेला हा दुसरा रोग होय. देवीची कथा आमच्या मुलांस पाठ असते. बुळकांडीची कोणी सांगत नाहीं, याचें आम्हांस नवल वाटतें.

नू वाढले तशी सर्व रानाची कळा पालटली. पूर्वीं उंच वाळलें गवत शिल्लक राही आणि दर वर्षीं मोठमोठे वणवे लागत. त्यांत झाडांचीं रोपटीं जळून जात. आतां तें गवत नूंच्या पोटांत जाऊं लागलें, वणवे कमी झाले, झाडें पुन्हां वाढलीं, आणि झाडांचा पाला खाणाऱ्या जिराफांस अन्न मिळालें. सिंह व तरस यांसही भक्ष्य वाढलें. म्हणजे प्रवासी ज्या सिंहाचें छायाचित्र घेऊन कृतार्थ होतो, त्याच्या पोटांतील घांसामागें एका गुराख्याच्या गाईला टोचलेली लस आहे. ‘मनुष्याचा हात न लागलेलें रान’ तें हें!

मासाई गुराखी हा या रानांत कसा वागत असे तेंही पाहण्याजोगें आहे. तो सहसा रानांतील जनावर खात नाहीं. त्याचें सर्व लक्ष आपल्या गुरांकडे. नूंच्या विणीच्या वेळीं त्यांच्या वासरांपासून गाईंस एक घातक ताप जडतो, ही गोष्ट प्रयोगशाळांनीं सांगण्याच्या फार पूर्वींपासून त्याला ठाऊक होती. म्हणून त्या दिवसांत तो आपलीं गुरें त्या उत्तम कुरणांतून काढून दूर नेई आणि सर्वांत सकस गवत नूंस मोकळें करून देई. यांत भूतदया होती असें आम्ही म्हणत नाहीं. शहाणपण मात्र होतें. दोन कळप एकाच माळावर आळीपाळीनें चरावे, ही व्यवस्था कोणत्याही सरकारनें घालून दिलेली नव्हती.

मग तो तेथून गेला कसा? इंग्रजांच्या टांगानिका सरकारनें सिंहांची बेसुमार शिकार थांबविण्यासाठीं १९२१ सालीं लहानसें व १९२९ सालीं मोठें रक्षित क्षेत्र ठरविलें. १९५१ सालीं त्याचें राष्ट्रीय उद्यान झालें. त्या वेळीं मासाई आंत राहत होतेच. पुढें बर्नहार्ड ग्रझिमेक हे जर्मन प्राणिशास्त्रज्ञ आपल्या मुलासह तेथें आले आणि झेब्र्याप्रमाणें पट्टे रंगविलेल्या विमानांतून त्यांनीं जनावरांची गणती केली. जानेवारी १९५९ मध्यें त्या विमानाच्या अपघातांत तरुण मायकेल ग्रझिमेक मरण पावला. त्याचें वय अवघें चोवीस वर्षांचें होतें. गोरोंगोरोच्या कड्यावर त्याची समाधि आहे. पिता-पुत्रांच्या या श्रमांवर निघालेला ‘सेरेंगेटी मरतां कामा नये’ हा चित्रपट १९६० सालीं ऑस्कर पारितोषिक मिळवून जगभर गेला. त्यांच्या कष्टांविषयीं आमच्या मनांत आदर आहे. पण उद्यानांत कोणीही मनुष्य, मग तो तेथला मूळचा रहिवासी कां असेना, राहतां कामा नये, हें त्यांचें मत होतें, आणि तें मत फळास आलें. १९५९ सालीं मासाईंस सेरेंगेटी सोडावें लागलें. त्याच वर्षीं शेजारचा गोरोंगोरोचा प्रदेश वेगळा काढून, येथें माणसें, गुरें आणि रानटी जनावरें तिन्हीं एकत्र राहतील, असें ठरविण्यांत आलें. सेरेंगेटी सोडणाऱ्यांस मिळालेला मोबदला तो हा.

येथें दुसरी बाजू सांगितली नाहीं तर आम्ही वाचकांशीं अप्रामाणिक ठरूं. सीमा आंखून रान राखलें नसतें तर काय झालें असतें याचा नमुना उत्तरेस केनियाच्या लोइटा पठारावर पाहावयास मिळतो. तेथें नूंचा एक निराळा कळप विणीसाठीं येत असे. ती जमीन गव्हाच्या लागवडीखालीं गेली, आणि १९७७ ते १९९७ या वीस वर्षांत सुमारें एक लाख वीस हजारांचा तो कळप वीस-बावीस हजारांवर आला. सेरेंगेटीच्या पश्चिम सीमेवरही शेतें अगदीं कुंपणापर्यंत आलीं आहेत आणि तारेचे फांस लावून दर वर्षीं पुष्कळ नू मारिले जातात. तेव्हां सीमा नकोच होती असें म्हणणारांपैकीं आम्ही नाहीं. नांगर, बंदूक आणि फांस यांपासून रान राखावें लागतें. परंतु गुराख्याची गाय ही नांगर नव्हे, व त्याची काठी ही बंदूक नव्हे. हा भेद न करितां सर्वांस एकाच दोरींत बांधून बाहेर काढिलें, आणि नंतर जें उरलें त्यास ‘निसर्ग’ असें नांव दिलें, येथें आमचा विरोध आहे.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देतां येत नाहीं. गोरोंगोरोंत १९५९ सालीं सुमारें आठ हजार मासाई होते. पुढें त्यांची संख्या एक लाखाच्या आसपास गेली, गुरेंही वाढलीं, आणि एवढा भार त्या भूमीस सोसवणार नाहीं असें टांझानियाचें सरकार म्हणूं लागलें. आंकडे खरे आहेत, आणि त्यांचा विचार कोणास तरी करावाच लागेल. परंतु त्याच भूमीवर प्रवाशांच्या मोटारी व वसतिगृहेंही वाढलीं आहेत, त्यांचा भार कोणी मोजावयाचा? २०२२ सालापासून तेथील कुटुंबें शेंकडों किलोमीटर दूर म्सोमेरा या गांवीं हालविण्यांत येऊं लागलीं. सरकार म्हणतें, लोक खुशीनें जात आहेत. जाणारे कित्येक म्हणतात, दवाखान्याचे व शाळेचे पैसे आटविल्यावर खुशी कसली राहिली? त्याच वर्षींच्या जून महिन्यांत जवळच्या लोलिओंडो भागांत १,५०० चौरस किलोमीटर कुरण रक्षित क्षेत्र म्हणून आंखतांना पोलीस व मासाई यांची चकमक झाली. एक पोलीस प्राणास मुकला व कित्येक मासाई जखमी झाले.

याहून निराळी वाट शक्य आहे, याचा दाखला केनियाच्या बाजूसच आहे. मासाई मारा या रक्षित रानाला लागून मासाई कुटुंबांच्या मालकीची जमीन आहे. गेल्या वीसएक वर्षांत तेथील मालकांनीं एकत्र येऊन ती प्रवासी-निवासांस भाड्यानें दिली आहे. मालकास भाडें मिळतें, ठरलेल्या ऋतूंत ठरलेल्या भागीं गुरें चारतां येतात, आणि मोटारींची संख्याही मर्यादित राहते. ही व्यवस्था निर्दोष आहे असें नव्हे; २०२० सालीं महामारींत प्रवासी थांबले तेव्हां भाड्याचीही ओढाताण झाली. तरी जमिनीचा धनी तेथें धनीच राहिला आहे.

आतां पालकांस दोन गोष्टी सांगावयाच्या राहिल्या. मुलांस तेथें न्यावयाचें तर ‘पांच मोठे’ पाहिले कीं नाहीं ही यादी त्यांच्या हातीं देऊं नये. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानरेडा ही पंचकडी शिकाऱ्यांनीं ठरविलेली. पायीं गांठून मारण्यास सर्वांत धोक्याचे म्हणून ते ‘मोठे’. बंदूक गेली, यादी मात्र राहिली. यादीबाहेरच्या एका चित्त्याभोंवतींही वीस-वीस मोटारी गोळा होतात. मारांतील चित्त्यांवर २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असें दिसून आलें कीं, जेथें प्रवाशांची वर्दळ थोडी तेथें चित्तीण सरासरीनें दोहोंहून अधिक पिलें वाढवूं शकते, आणि जेथें वर्दळ मोठी तेथें एखादें पिलूं वांचणेंही दुर्मिळ. तेव्हां मोटार-हांक्यास अधिक बक्षिसी देऊन ‘आणखी जवळ घे’ म्हणणाऱ्या पित्यानें आपल्या मुलास नक्की काय दाखविलें, हें त्यानेंच ठरवावें. एके ठिकाणीं मोटार उभी करून, यंत्र बंद करून, घटकाभर गवताकडे पाहत बसलें तर शेणकिडा दिसेल, गिधाड कोठें उतरतें तें दिसेल, नूंची रांग एकामागें एक कां चालते हा प्रश्न मुलास सुचेल. मुलें कंटाळतील ही भीति आम्हांस वाटत नाहीं. कंटाळतात तीं बहुधा मोठीं माणसें.

दुसरी गोष्ट प्रवासी कंपनीस विचारावयाची आहे. आम्ही उतरणार ती जागा कोणाच्या मालकीची? तेथील रहिवाशांस त्यांतून काय मिळतें? वाटाड्या त्याच मुलुखांतला आहे काय? पैसे भरण्यापूर्वीं हें विचारण्याचा प्रत्येक ग्राहकास अधिकार आहे. गालिच्याचा रंग आणि जेवणांतील शाकाहारी पदार्थ यांची चौकशी आपण पहिल्या दिवशींच करितों कीं नाहीं? मासाई वस्तींत नेऊन उड्या मारण्याचा नाच दाखविण्याचा जो कार्यक्रम असतो, त्यापेक्षां एखाद्या मासाई वृद्धास त्याच्या गाईंविषयीं विचारण्याची संधि मिळेल तर ती घ्यावी. आमच्या शेतकरी पालकांचें व त्याचें बोलणें दुभाष्या असूनही लवकर संपणार नाहीं, अशी आमची अटकळ आहे.

गोरोंगोरोच्या कड्यावरून सेरेंगेटीकडे जो रस्ता उतरतो, त्यावरून बहुतेक सर्व सफारीच्या मोटारी जातात. ऑगस्ट २०२४ मध्यें गोरोंगोरोंतील गांवांचीं नांवें सरकारी दप्तरांतून काढण्याचें आणि तेथील मतदान-केंद्रें दुसरीकडे नेण्याचें घाटत असतां, हजारों मासाई स्त्रीपुरुष आपलीं तांबडीं व निळीं वस्त्रें नेसून त्या रस्त्यावर येऊन बसले, आणि कांहीं काळ प्रवाशांच्या मोटारींस थांबावें लागलें. गांवें मोडण्याच्या हुकुमास न्यायालयानें त्याच महिन्यांत तात्पुरती स्थगिती दिली. त्या दिवशीं थांबलेल्या मोटारींतील प्रवाशांनीं वाटाड्यास काय विचारिलें असेल तें आम्हांस ठाऊक नाहीं. आमच्या वाचकांपैकीं जे कोणी त्या रस्त्यानें जातील त्यांनीं, हे लोक येथें कां बसले होते, एवढें तरी विचारावें.